यादीतल्या नद्या

परवा सकाळी सुनेनं हुरड्याची कणसं आणली आणि ती पिशवीतून काढत असतानाच दारावर टकटक झाली. मतदारयादी तपासायला अंगणवाडीची ताई आली होती. गळ्यात ओळखपत्र, हातात कागदांची चळत. "घरात किती जण? नावं सांगा," ती म्हणाली. सुनेनं कणसं हातात तशीच धरून आधी स्वतःचं नाव सांगितलं, पूर्ण, आडनावासकट. मग नवऱ्याचं, मग माझं. नवऱ्याचं नाव तिनं शेजाऱ्याचं सांगावं इतक्या सहज सांगितलं. ताईनं कागदावर खुणा केल्या आणि पाच मिनिटांत ती पुढच्या दारात पोचलीसुद्धा.

मी खुर्चीतच बसून राहिलो. कोवळ्या कणसांचा तो हिरवा, दुधट वास घरभर झाला होता. हुरडा आणि मतदारयादी या दोन गोष्टी माझ्या आयुष्यात याआधी एकदाच एकत्र आल्या होत्या. त्या वेळी मी जे केलं ते आष्टीच्या बाजूला अजून हसून सांगतात, फक्त चुकीच्या माणसाच्या नावानं सांगतात. मी आता पंच्याऐंशीचा आहे. ते बरोबर करून ठेवायला हवं.

निझामाचं राज्य अठ्ठेचाळीसच्या सप्टेंबरात गेलं आणि त्यानंतरचा तो पहिला हिवाळा. आज जालन्यात बसून हे लिहितोय, पण तेव्हा जालना जिल्हा नव्हताच. आमचा परतूर तालुका, आष्टीसकट, परभणीत मोडायचा. भीतीचे दिवस नुकतेच सरले होते. लोक पुन्हा मोठ्यानं बोलायला लागले होते. बाजाराच्या दिवशी आष्टीत नुसता कालवा असायचा. वांगी विकणारासुद्धा भाषण केल्यासारखा ओरडायचा. थंडी चांगली पडली होती. सकाळी हरभऱ्याच्या रानातून चाललं की पायांना पानांवरची आंब लागायची आणि पोटऱ्या चुरचुरायच्या. करडई फुलायच्या बेतात होती. मी एकोणीस वर्षांचा, आष्टीच्या शाळेत नवाकोरा मास्तर.

आणि हुकूम आला की एकवीस वर्षांच्या पुढच्या प्रत्येकाचं नाव लिहायचं. प्रत्येकाचं. निझामाच्या काळात मत नावाची वस्तू आम्ही ऐकून होतो, पाहिली कुणी नव्हती. ती जहागीरदारांकडे, वकिलांकडे, बड्या व्यापाऱ्यांकडे असायची. माझे वडील तहशिलीत नकला लिहायचे. तीस वर्षं त्यांनी सरकारचे कागद उतरवले, पण सरकारनं त्यांना कधी काही विचारलं नव्हतं. आता त्यांचं नाव मी लिहिणार होतो. गंमत म्हणजे माझं स्वतःचं नाव त्या यादीत बसत नव्हतं, मला दोन वर्षं कमी पडत होती. लग्नाच्या पंगतीत वाढप्यानं उपाशी फिरावं तसा मी घरोघर मतं वाटत फिरत होतो आणि तरी माझी छाती अशी फुगलेली की सदऱ्याची बटणं लागत नव्हती.

माझ्या वाट्याला आष्टीच्या वरच्या अंगाची धनगरवस्ती आली. पंचवीसेक घरं, भोवती बाभळी, मध्ये मेंढ्यांचे वाडे. मी वही काढताना लांबून दिसलो आणि पाहता पाहता वस्तीवरच्या मेंढ्या नाहीशा झाल्या. त्यांना वाटलं, चराईच्या करासाठी मेंढ्या मोजायला माणूस आला. बिरूआबा म्हणून वस्तीचे म्हातारे होते. डोक्याला भलंमोठं तांबडं पागोटं, अंगावर घोंगडी. ते शांतपणे पुढं आले.

"या मास्तर. मेंढरं न्हाईत. रोगानं गेली."

"आबा, मेंढ्या नाही मोजायच्या. माणसं मोजायची."

"माणसं? ती कशापाई?"

मी जमेल तसं सांगितलं. राजा गेला, आता राज्य लोकांनी निवडलेली माणसं करणार, आणि निवडायला प्रत्येकाला एक मत. आबांनी घोंगडी सावरली.

"जहागीरदाराला किती?"

"एक."

"आन मला?"

"एकच."

आबा माझ्याकडं दयेनं बघत राहिले. "लिहिताना चुकलं आसंल कुनाचं तरी," ते म्हणाले. "तू एकडाव वर इचारून ये. उगं तुझ्यावर यायचं."

सगळी वस्ती हसली. तेवढ्यात मागच्या बाभळीतून एक मेंढी ओरडली, तिला दुसरीनं साथ दिली, आणि मग काय, रोगानं गेलेली सगळी मेंढरं एकदम बोलायला लागली. आबासुद्धा हसले. मग मात्र माणसं पटापट आपापली नावं सांगू लागली. पुरुषांची नावं. बायका कुडाआड, दारांच्या फटीत. बाईनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, नवऱ्यानं बायकोचं घ्यायचं नाही, आणि परक्या पुरुषानं तर विचारायचंही नाही, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. ते अंगातच होतं. आबांचा मुलगा सोपान दाराकडे नुसती मान करून म्हणाला, "लिव्हा, सोपानची आई. आन सोपानची बायको." मी लिहिलं. असंच पुढच्या घरी, त्याच्या पुढच्या घरी. एका दुपारी वस्ती संपली. एकेचाळीस बायका लिहून झाल्या, आणि त्यातल्या एकीचंही नाव माझ्या वहीत नव्हतं.

ओढ्यापर्यंत पोचलो तर मागून हाक आली. सोपानची बायको. काखेत एक कोकरू, बहुतेक घरातून निघायला निमित्त म्हणून उचललेलं. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी असेल.

"ओ मास्तर, माझं नाव लिव्हलं का?"

"लिहिलं ना वहिनी. सोपानची बायको."

"हे नाव व्हय? आसं तर ह्या कोकराला बी म्हनत्यात, सोपानचं कोकरू." ती दम खायला थांबली. "माझं नाव धुरपदा. माझ्या आईनं ठेवलंय. सासूचं बी धुरपदाच. म्हनून ह्या घरात मला कुनी नावानं हाकच मारत न्हाई. सासूच्या नावानं सुनेवर वरडायचं कसं? नुसतं 'ए धाकले, ए धाकले'. चार वरसं झाली मास्तर, माझं नाव म्या कुनाच्या तोंडून आइकलं न्हाई. तुमच्या कागदात सासू मदी येत न्हाई ना? मंग तिथं लिव्हा. धुरपदा."

दौतीला बूच लावलेलं, वही पिशवीत बांधलेली. मी म्हणालो, "घरी गेल्यावर लिहितो."

"इसरायचं न्हाई."

"बिलकुल नाही."

कोकराचं तोंड माझ्याकडं करून तिनं त्याचा पाय हलवला, जणू त्यानंही साक्ष द्यावी, आणि उड्या मारत ओढा चढून गेली.

मी विसरलो नाही, हे आधी सांगतो. पुढं गावात जी गोष्ट झाली ती विसरण्याची झाली, पण कुणीच काही विसरलेलं नव्हतं.

आठ-दहा दिवसांनी याद्या तपासणाऱ्या गिरदावरसाहेबांचा निरोप आला: अमक्याची बायको, तमक्याची आई असं चालणार नाही. बाईचं स्वतःचं नाव हवं, नाहीतर ओळ कापली जाईल. दोन दिवसांत दुरुस्त करून द्या. तो निरोप मला मिळाला तेव्हा मी माझा मित्र दत्तू याच्या शेतात हुरडा खात होतो. आता हुरडा ज्यांनी शेतात खाल्ला नाही त्यांना काय सांगावं! खड्ड्यात शेणकुटांची आगटी पेटलेली, राखेत कणसं खुपसलेली. भाजलेलं कणीस दत्तू तळहातावर चोळायचा, फुंकर मारायचा, कोंडा उडून जायचा आणि हातात उरायचे हिरवे, टपोरे, वाफाळते दाणे. सोबत लसणाची चटणी, जवसाची चटणी, गूळ. एक घास खाल्ला की दुसऱ्याला नाही म्हणता येत नाही, आणि उठून धनगरवस्तीला जाणं तर त्याहून अशक्य. जायला-यायला अर्धा दिवस. शिवाय पंचवीस घरांच्या दारात उभं राहून बायकांची नावं विचारायची? मला नुसत्या कल्पनेनं घाम फुटला.

"तूच ठेव की नावं," दत्तू म्हणाला. "मास्तर आहेस. बारसं तर बारसं."

आम्ही हसलो आणि मी वही उघडली. सोपानची आई: गंगा. तिच्या सुनेची ओळ तूर्त सोडून पुढची यमुना. मग गोदावरी, सरस्वती, नर्मदा, कावेरी, कृष्णा. दत्तू कणसं चोळत नद्या पुरवत होता, मी लिहीत होतो. मोठ्या नद्या संपल्यावर आम्ही घरच्या नद्यांवर आलो, दुधना, पूर्णा. त्याही संपल्यावर देवी, आणि देवी संपल्यावर फुलं. वहीच्या पानांना चटणीच्या तेलाचे डाग पडले.

शेवटी सोडलेल्या ओळीशी, सोपानच्या बायकोच्या, मात्र माझा हात थांबला. "हिनं नाव सांगितलंय," मी म्हणालो. "धुरपदा. सासूचंही तेच."

"मग सासूला गंगा कशाला लिहिलीस?"

"आता लिहून गेली."

"बरं, एका घरात दोन धुरपदा लिहिल्या असत्यास तर साहेब म्हणाले असते, एकच बाई दोनदा लिहिली. आणि एकीचं खरं, दुसरीचं खोटं, असं असलं तर खोटं लवकर उघडं पडतं. सगळ्याच नद्या असू दे."

त्याचं म्हणणं मला पटलं, म्हणजे पटवून घेतलं. मी लिहिलं: तापी. आणि पुढचं कणीस उचललं.

त्या हुरड्याची चव मला अजून आठवते. ती गोडच होती. पाप करताना तोंड कडू होतं वगैरे मला तरी अनुभव नाही.

तीन हिवाळे गेले. मतदानाचा दिवस आला तो सणासारखा. पहाटेपासून बैलगाड्या निघालेल्या, बैलांच्या शिंगांना रंग. आमच्या शाळेतच मतदान होतं. फळा भिंतीकडं तोंड करून ठेवलेला, बाकं बाहेर काढलेली, आणि जिथं मी बाराखडी शिकवायचो तिथं मतपेट्या. कुठल्याशा दुसऱ्या तालुक्यातून आलेले साहेब मुख्य खुर्चीवर, आणि यादी घेऊन नावं शोधायला मी. धनगरवस्तीच्या बायका एका घोळक्यानं आल्या, ठेवणीतली लुगडी नेसून, जत्रेला निघाल्यासारख्या. पुढं सोपानची आई. कोतवालानं तिची ओळख सांगितली, मी ओळ शोधली, साहेबांनी विचारलं, "गंगा?"

म्हातारीनं इकडं तिकडं पाहिलं. "कोन गंगा?"

मी यादीत डोकं खुपसलं. पण तिच्या मागची बाई हुशार. तिनं तिला कोपरखळी मारली. "अगं आत्याबाई, कागदात लिव्हलंय म्हनं तसं. व्हय म्हन."

"आसं व्हय? मंग व्हय. मीच गंगा." आणि बोटाला शाई लावून घेऊन ती ऐटीत आत गेली.

मग जी काही मजा सुरू झाली! रांगेतली प्रत्येक बाई माझ्यासमोर येऊन कुजबुजायची, "मास्तर, मी कोन हाय?" मी खाली मान घालून सांगायचो, "यमुना." ती मागं वळून बातमी द्यायची, "मी यमुना!" मागं खसखस. एकीला शेवंती मिळाली तर तिच्या जावेनं नाक मुरडलं: "हिला शेवंती आन मला दुधना? मास्तर, माझं काय वाकडं केलं म्या?" साहेबांना वाटलं, खेड्यातल्या बायका लाजतायत. सांगून सांगून माझा घसा सुकला असेल म्हणून त्यांनी मला पाणी आणवून दिलं. मला वाटायला लागलं, सुटलो. सगळंच हसण्यावारी गेलं.

मग ती आली. साहेबांनी विचारलं, "नाव?"

डोक्यावरचा पदर तिनं नीट केला आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "धुरपदा."

मत देऊन दाराशी थांबलेली सासू आत डोकावली. साहेबांनी यादीत पाहिलं. "इथं तापी आहे. सोपान यांची पत्नी तापी. तुम्हीच का?"

"न्हाई. मी धुरपदा."

"अगं तापी म्हन की!" मागून बायका म्हणाल्या. सासूही म्हणाली, "म्हन बाई. मी न्हाई का गंगा झाले? काय झिजलं माझं?"

"तुमाला हाय की आत्याबाई, घरी गेल्यावर नाव हाय," ती म्हणाली. मग तिनं माझ्याकडं पाहिलं. "मास्तर, वड्यावर तुमाला सांगितलं व्हतं ना? सायबाला सांगा."

साहेब माझ्याकडं वळले. "यांनी तुम्हाला हे नाव सांगितलं होतं?"

एक शब्द पुरेसा होता. पण तो शब्द काढला असता तर पुढचा प्रश्न गंगेचा आला असता, मग यमुनेचा, आणि माझी नोकरी दुधनेत वाहून गेली असती.

"मला आठवत नाही साहेब," मी म्हणालो.

साहेब वाईट नव्हते. त्यांनी तिला दोनदा समजावलं की नाव जुळत नाही, जुळल्याशिवाय मत देता येत नाही. तिनं ऐकून घेतलं. भांडली नाही, रडली नाही. वस्तीच्या चाळीस बायका त्या दिवशी शाईचं बोट वर धरून घरी गेल्या. एक तशीच गेली.

वस्तीला त्या दिवसाची गोष्ट हवीच होती आणि ती तयार झाली: सरकारच्या दारात धुरपदा स्वतःचं नाव विसरली. घाबरून सासूचं सांगून बसली. पोरं पाण्याला जाऊन रिकाम्या हंड्यानं परत आली की मोठी माणसं म्हणायची, "काय रे, तुझी धुरपदा झाली का?" पुढं ते आष्टीच्या बाजारात पोचलं. माझ्या वर्गातल्या पोरानं एकदा सतराचा पाढा मध्येच सोडला आणि स्वतःच म्हणाला, "मास्तर, माझी धुरपदा झाली." सगळा वर्ग हसला. मीही हसलो. त्या हसण्याची मला जितकी लाज वाटते तितकी नद्यांची वाटत नाही.

पुढच्या यादीच्या वेळी मी न सांगता जाऊन तिचं नाव दुरुस्त केलं, सगळ्या जणींचीच केली. तिनं त्यानंतर प्रत्येक वेळी मत दिलं, असं ऐकत आलो. मी बदल्यांवर गेलो, घनसावंगी, भोकरदन, शेवटी जालना. कायद्यानं मताचं वय अठरावर आणलं तेव्हा माझी थोरली नात कॉलेजात होती. तिनं मला पेढा दिला. मी तो खाल्ला आणि मनात आलं, किती सोपं आहे हे वर बसून. वर कुणीतरी एक ओळ लिहितं, सगळ्यांना मत. ती ओळ वस्तीवर न्यायला मात्र एक आळशी मास्तर लागतो, आणि त्याला हुरडा आवडतो.

तर अंगणवाडीची ताई गेली आणि मी सुनेला म्हणालो, "मला आष्टीला जायचंय." रविवारी मुलानं गाडी काढली. वस्ती ओळखू येईना. सिमेंटची घरं, दारात मोटारसायकली, मेंढ्या मात्र होत्या आणि या वेळी कुणी लपवल्या नाहीत. सोपानच्या घरामागच्या रानात हुरडा चालला होता, तीसेक माणसं जमलेली. धुरपदाबाई बाजेवर उन्हात बसल्या होत्या. हाडं आणि लुगडं, बाकी काही उरलं नव्हतं; पण डोळे तेच. नातसून शेजारी बसून दाणे बारीक करून देत होती.

"कोन, मास्तर? जित्ते हायात आजून?"

"आहे. एक सांगायचं राहिलं होतं, म्हणून आहे."

मी सगळं सांगितलं. दत्तूचं शेत, नद्या, तापी, आणि "आठवत नाही". त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. मग म्हणाल्या, "तवाच का न्हाई बोललात?"

"नोकरी जाईल अशी भीती वाटली."

"गेली का?"

"नाही. छत्तीस वर्षं केली."

"चला, माझ्या मतानं काहीतरी तर झालं म्हनायचं." नातसून हसली. धुरपदाबाईंनी तिच्या हाताला धरून टेकू घेतला, ताठ बसल्या. "मला सांगून काय उपेग मास्तर? मला तर ठावच व्हतं माझं नाव काय हाय ते. हसत्यात ती हिकडं बसलीत. उठा, त्यांना सांगा. आन मोठ्यानं सांगा, निम्मी बहिरी हायेत."

मी उठलो. पंच्याऐंशीव्या वर्षी, आगटीजवळ, धुरानं डोळे चुरचुरत, मी तीस माणसांपुढं उभा राहिलो आणि म्हणालो की धुरपदाबाई नाव विसरल्या नव्हत्या. त्यांनी बरोबर सांगितलं होतं, आधीही आणि त्या दिवशीही. खोटं मी लिहिलं, आणि खोटं मीच बोललो. मग मागून एक म्हातारा बोलला, "म्हंजी एवढी वरसं धुरपदा ह्या मास्तरची झाल्ती म्हना की!" असा हशा पिकला की राखेत झोपलेलं कुत्रं उठून गेलं. पोरींना नद्यांची गोष्ट पुन्हा हवी होती. कुणाची आजी दुधना, कुणाची शेवंती, यावर तिथंच भांडणं सुरू झाली. नातसुनेनं माझ्या हातावर हुरडा ठेवला आणि सासरच्या सगळ्या माणसांसमोर हाक मारली, "धुरपदाआजी, तुमाला अजून देऊ का?" म्हातारीनं तिच्याकडं पाहिलं आणि हात पुढं केला.

निघताना मी बाजेशी वाकलो. एक गोष्ट विचारल्याशिवाय राहवेना.

"धुरपदाबाई, त्या दिवशी मिळालं असतं तर मत कुणाला टाकणार होतात?"

त्यांनी दाणे तोंडात टाकले, सावकाश चावले, आणि माझ्याकडं असं पाहिलं की मी पुन्हा एकोणीस वर्षांचा झालो.

"आन मास्तर म्हनवता!" त्या म्हणाल्या. "मत गुप्त आसतंय."